हजेरी गेली, नजर राहिली

पहाऱ्याने गुन्हे थांबतात, असे आपण सहज मानतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अपराध जन्माला चिकटवला. नोंदीत नाव असलेल्याने हजेरी द्यावी, परवान्याविना गाव सोडू नये. मजुरीसाठी परगावी गेला, तरी तो गुन्हेगार! असा पहारा चोर पकडीत नाही, चोर घडवितो.

कोल्हापूर संस्थानातही काही जातींना रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर नोकरीत घेऊन त्यांनी पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हाती विश्वास! शिस्त लावण्याचा याहून धाडसी मार्ग कोणता?

तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरीही तुरुंगांच्या नियमावल्यांत जुना शिक्का टिकून होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली प्रहार करावा लागला. आणि आपल्या मनातील नियमावलीचे काय? वसाहतीत चोरी झाली की आपले बोट आधी गावाबाहेरच्या पालांकडेच का वळते? ज्या मुलाकडे सारे चोर म्हणून पाहतात, तो स्वतःकडे तरी कोणत्या नजरेने पाहील?

परमेश्वरही पाहतो. परंतु छळाला कंटाळून रानात पळून गेलेल्या हागारेला त्याने पाहिले ते तिला सावरण्यासाठी. ती नजर आपण कधी शिकणार?