उसळीरोधक घेण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी उसळीरोधक म्हणून एक विद्युत्‌पट्टी आणली होती. वळवाच्या एका संध्याकाळी जवळच कोठे वीज पडली आणि त्या पट्टीला जोडलेला दूरदर्शन-संच निकामी झाला. तपासावयास आलेल्या कारागिराने भिंतीवरील सॉकेट उघडले. त्याच्या मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची तारच नव्हती! पट्टीचा दोष किती, हे सांगता येणार नाही. आमचा मात्र निश्चित होता. ‘रोधक’ या शब्दावर विसंबून आम्ही निर्धास्त राहिलो. शब्दांचाच व्यवसाय करणाऱ्याने शब्दाला फसावे, ही गोष्ट भूषणावह नव्हे.

उसळी म्हणजे काय? आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट मानला जातो. वीज कोसळली अथवा मोठी यंत्रे चालू-बंद झाली, की सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत हा दाब कित्येक पटींनी चढू शकतो. उसळीरोधकात जस्ताच्या ऑक्साइडची चकती असते. एरवी ती वीज जवळजवळ वाहू देत नाही. दाबाने मर्यादा ओलांडताच मात्र ती वाट मोकळी करून देते आणि उसळी उपकरणाबाहेरून वळविते. तारांवरून जमिनीकडे धावू पाहणाऱ्या उसळीला ही वाट अर्थिंगमधूनच मिळते. धरणाला सांडवा ठेवला, पण पुढे ओढाच नसला, तर त्या सांडव्याचा उपयोग काय?

यास्तव पहिला खर्च अर्थिंगवर करावा, उसळीरोधकावर नंतर, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाड्याच्या घरात हे आपल्या हाती नसते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. दोन तारांमध्ये बसविलेली चकती अर्थिंगवाचूनही काही काम करते. तथापि ते संरक्षण अपुरे आहे, हे जाणूनच ते घ्यावे.

निवड करतानाही डोळे उघडे असावेत. तांबडा दिवा आणि चार सॉकेटे एवढ्याने विस्तारपट्टी उसळीरोधक होत नाही. तो २३० व्होल्टांसाठी बनविलेला आहे काय, उसळीचा दाब तो किती व्होल्टांवर आवरतो आणि किती ज्यूल ऊर्जा सोसतो, हे वेष्टनावर वाचावे. प्रत्येक मोठ्या उसळीगणिक चकती झिजते. म्हणून संरक्षण शिल्लक आहे की नाही, हे दाखविणारा दिवा असलेली पट्टी बरी. दाब तासन्‌तास कमी-अधिक राहत असेल, तर ते काम स्टॅबिलायझरचे होय, उसळीरोधकाचे नव्हे. उसळी दूरचित्रवाणीच्या केबलमधून वा दूरध्वनीच्या तारेतूनही शिरू शकते. आणि वीज थेट घरावर कोसळली, तर कोणतीही पट्टी पुरी पडणार नाही. वादळ येण्यापूर्वीच प्लग व केबल काढून ठेवणे हाच तेव्हा खरा उपाय.

शाळा व ग्रंथालये यांतील संगणक सार्वजनिक पैशातून येतात आणि एकदा जळाले की लवकर पुन्हा येत नाहीत. तेथील चालकांनी खरेदीपूर्वी जाणकार तंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ती तपासणी दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी, नेमाने करावी. ‘रोधक’ हे नाव छापणे सोपे आहे. त्या नावाला अर्थ येतो तो भिंतीमागच्या एका तारेमुळे.