उमरची कैफियत आणि आमचे शिकवे

'आमच्या कहाण्या रंगमंचावर कोण आणतो?' हा शिकवा आम्ही मुस्लिम मराठी लेखक-वाचक इतकी वर्षे करतो आहोत की आता तोच आमचा एक वाङ्मयप्रकार झाला आहे. म्हणून एका ऑपेराची हकीकत सांगतो.

ऑपेरा म्हटले की आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये हसू पिकते. पण संवादही गाऊन म्हणायच्या या नाटकाला आम्ही का हसावे? लखनौच्या अमानतची 'इंदरसभा' काय गद्यात होती?

उमर इब्न सईद १७७० च्या सुमारास आजच्या सेनेगलमधील फुता तोरो प्रांतात जन्मला. पंचवीस वर्षे इल्म शिकलेला हा माणूस १८०७ मध्ये पकडला गेला आणि अमेरिकेतील चार्ल्सटन बंदरात गुलाम म्हणून विकला गेला. जुलमी मालकाकडून तो पळाला, फेएटव्हिलच्या तुरुंगात पडला आणि कोठडीच्या भिंतींवर अरबी लिहू लागला. १८३१ मध्ये त्याने अरबीत आत्मवृत्त लिहिले. त्याची सुरुवात सूरह मुल्कने आहे. सारी सत्ता अल्लाहच्या हाती, हे त्या सूरहचे पहिलेच सांगणे. ज्याला माणसांनी विकत घेतले होते, त्याने ही सूरह निवडली!

त्याच चार्ल्सटनमध्ये २७ मे २०२२ रोजी 'उमर' हा ऑपेरा उभा राहिला. तो आपोआप उगवला नाही. तिथल्या स्पोलेटो महोत्सवाने आणि नॉर्थ कॅरोलायनातील एका विद्यापीठाच्या कलासंस्थेने मिळून तो लिहवून घेतला. रियानन गिडेन्स यांनी संहिता लिहिली, चाली बांधल्या. मायकेल एबल्स यांनी त्यांच्यासोबत वाद्यवृंदाचे संगीत रचले. २०२० चा प्रयोग कोरोनामुळे हुकला, तरी काम कुणी सोडले नाही. पुढे लॉस एंजेलिस, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को येथे प्रयोग झाले. २०२३ चे संगीताचे पुलित्झर पारितोषिकही त्याला मिळाले.

आता आमच्याकडे पाहा. मागे एका संमेलनात मंडप, हारतुरे आणि बिर्याणी यांवर खर्च झाला. नव्या नाटकासाठी एक रुपयाही नव्हता. लेखकाने नोकरी सांभाळून रात्री जागावे, पदरमोड करून तालीम घ्यावी, आणि आम्ही पहिल्या रांगेत बसून चुका काढाव्यात, ही आमची साहित्यसेवा!

कुणी म्हणेल, गाणेबजावणे आमच्यात चालत नाही. हा मतभेद जुना आहे. तो आम्ही इथे मिटवायला बसलेलो नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी गद्य नाटक लिहवून घ्यावे. पण लिहवून तर घ्यावे! कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या संस्थांजवळ पैसा आहे. खरे आहे. पण दोन संस्थांनी खर्च वाटून घ्यायला श्रीमंती लागत नाही, एकमेकांवर भरवसा लागतो. आमची खरी गरिबी तिथे आहे.

आमची मागणी साधी आहे. पुढच्या संमेलनातले हारतुरे बंद करा. तेवढी रक्कम एका लेखकाला आणि एका संगीतकाराला आगाऊ द्या, वर्षभराची मुदत द्या. अर्धे झालेले काम एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये ऐका, खटकेल ते तोंडावर सांगा, दुरुस्तीला वेळ द्या. दोन गावांनी मिळून प्रयोग करा. पडला तर पडू द्या, दुसरा करा.

उमरला लिहायला तुरुंगाची भिंत पुरली. आम्ही मात्र अजून अध्यक्ष कोण यावर भांडत आहोत.