गावाबाहेर बिऱ्हाड करताना

नारायण पेठेतील एका वाड्यातून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. तिघे भाऊ, त्यांची कुटुंबे, पाच मुले आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई असा त्यांचा परिवार असून चूल अद्याप एकच आहे. वाडा विकावयाचे ठरले आहे. येणाऱ्या पैशांत पेठेत पुन्हा सर्वांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, हेही सर्वांनी मान्य केले आहे. पुढे मात्र एकमत नाही. थोरल्या भावांना कोथरूड हवे. मग जागा लहान मिळाली तरी चालेल. धाकट्यांनी धायरीच्या पलीकडे एका नव्या इमारतीत एकाच मजल्यावर तीन प्रशस्त सदनिका पाहून ठेविल्या आहेत. मधले, म्हणजे या भगिनींचे यजमान, म्हणतात की ज्याने त्याने आपला वाटा घेऊन सोयीची जागा पाहावी आणि सणावारी एकत्र यावे. "तिघेही चौरस फुटांचा हिशेब करितात, त्या जागी भाजी कोठून आणावयाची हे मात्र कोणी बोलत नाही," असे भगिनींनी लिहिले आहे. प्रश्न एका घराचा असला तरी आज शेकडो घरांत तोच चालू आहे, म्हणून उत्तर येथेच देत आहो.

पेठ सोडणे म्हणजे कुळाचार बुडविणे, असा एक सूर अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांकडून निघतो. त्यात फारसा अर्थ नाही. पुणे हे गाव कधीच एका जागी बसलेले नव्हते. कसब्याभोवतीच्या लहानशा वस्तीतून एकेक पेठ वाढत गेली, आणि पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या नावाची सदाशिव पेठ हीही एके काळी नवीनच वसाहत होती. १८९७ च्या प्लेगात घरेदारे बंद करून माणसे माळावर झोपड्या घालून राहिली. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हा कॉलेजातील शिकविणे आटोपून ते चिखल तुडवीत पायी तिकडे जात असत. त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आज वाहनांच्या गर्दीतून पाऊल टाकण्यास जागा मिळत नाही! १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडेच्या वाडे वाहून गेले. त्या पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर इत्यादी वसाहती उभ्या राहिल्या. लकडी पुलापलीकडे बिऱ्हाड नेणे म्हणजे गाव सोडणे, असे मानणारी पिढी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. त्या पिढीची नातवंडे आज डेक्कनलाच 'गावात' म्हणतात. तेव्हा जावे की न जावे हा प्रश्न बाजूस ठेवून कोठे जावे एवढ्याचाच विचार करू.

चाणक्याच्या नीतिसंग्रहात, जेथे धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य ही पाच नाहीत तेथे एक दिवसही राहू नये, अशा अर्थाचे एक वचन आहे. आम्ही ते वर्गात पुष्कळ वर्षे शिकविले. परंतु त्यातील नदीचे मोल आजच्या पुण्याच्या कडेला गेल्यावाचून कळावयाचे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून पेठांतील हौदांत सोडिले. काळा हौद, बदामी हौद ही नावे पत्त्यांत अजून टिकली आहेत. म्हणजे त्या काळी वस्तीबरोबर तिच्या पाण्याची तजवीज होत असे. आज वस्ती आधी होते आणि पाणी टँकरने मागून येते. धायरी, दोन्ही आंबेगावे इत्यादी अकरा गावे २०१७ मध्ये महानगरपालिकेत आली. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस यांसह आणखी तेवीस गावे २०२१ मध्ये आली. गाव हद्दीत आले म्हणजे कर हद्दीत येतो. नळ तितक्याच तातडीने येतोच असे नाही. खडकवासल्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहून टँकरची वाट पाहणारी कुटुंबे आहेत, ही गोष्ट परगावच्या माणसास सांगून खरी वाटणार नाही. पाणी नुसते येऊन भागत नाही, ते शुद्धही असावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली, तेव्हा पुष्कळसे रुग्ण याच सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातील निघाले आणि बोट प्रथम पाण्याकडेच दाखविले गेले.

म्हणून जागा पाहावयास जावे ते वैशाखात. आश्विनात सर्वच डोंगर हिरवे असतात आणि सर्वच बोअरांना पाणी असते. विक्रेत्याच्या कचेरीत पाण्याविषयी विचारल्यास 'चोवीस तास' असे उत्तर मिळेल. ते ऐकून घ्यावे आणि शेजारच्या जुन्या सोसायटीच्या चिटणिसांकडे जाऊन गेल्या एप्रिल-मे महिन्यांतील टँकरांचा खर्च पाहावयास मागावा. त्या एका कागदावर जे कळते ते रंगीत माहितीपुस्तकाच्या चाळीस पानांत कळत नाही. नळ महापालिकेचा आहे काय, किती वेळ येतो, पिण्याचे व वापरावयाचे पाणी निराळे ठेविले आहे काय, टाकी वर्षातून किती वेळा धुतात, हे प्रश्न घरातील बायकांनी विचारावे. पुरुषांस ते सुचत नाहीत, आणि सुचले तरी विचारण्यास संकोच वाटतो.

नदी असावी, परंतु ती दारात नसावी, हेही तितकेच खरे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास लोंढा आला, तो कात्रजपासून सहकारनगरपर्यंत भिंती पाडीत गेला आणि अनेकांचे प्राण गेले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजल्यांतून पाणी शिरले. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर नदीकाठाने एक निळी व एक तांबडी अशा दोन पूररेषा असतात. सामान्यपणे निळी ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची समजतात. आपली इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूस येते हे विचारल्यावाचून इसार देऊ नये. ओढ्याचे तर याहून कठीण. नदी निदान दिसते. ओढा भिंत घालून, वळवून, वर रस्ता करून नाहीसा केलेला असतो आणि एखाद्या रात्री तो आपली जुनी वाट शोधीत येतो. तो कोठून जात होता हे त्या गावठाणातील म्हातारा माणूस बोटाने दाखवितो. त्यास विचारण्यास पैसे पडत नाहीत.

आता वेळेचा हिशेब. धाकट्या भावांनी लिहून पाठविलेल्या कोष्टकात 'शहरापासून वीस मिनिटे' असे आहे. हे रविवारी सकाळी मोटारीने मोजलेले अंतर दिसते. सोमवारी सकाळी नऊ वाजता आणि सायंकाळी साडेसहा वाजता ज्यास रोज जावयाचे आहे त्यानेच, ज्या वाहनाने जावयाचे त्याच वाहनाने, निदान तीन दिवस जाऊन यावे. वनाझ ते गरवारे कॉलेज हा मेट्रोचा पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, तो पुढे रामवाडीपर्यंत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्गाने स्वारगेटही जोडले गेले. त्यामुळे पौड रस्त्याच्या बाजूस राहणाऱ्यांचे पेठेशी नाते सुकर झाले आहे. कसब्यात आणि मंडईत स्थानके आहेत, तेथे आजीबाईही उद्वाहनाने वर येऊ शकतात. परंतु जो मार्ग चालू नाही आणि केवळ नकाशात तुटक रेषेने दाखविला आहे, त्याच्या भरवशावर घर घेऊ नये. विक्रेते त्या तुटक रेषेचीही किंमत लावतात.

हा वेळ जातो कोणाचा, हेही पाहावे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी लक्ष्मी रस्त्याजवळ नोकरीस आहेत. आज त्या दहा मिनिटांत चालत घरी येतात, येताना मंडईतून भाजी आणतात आणि सासूबाईंची चार वाजताची गोळी चुकत नाही. धायरीपलीकडून हेच करावयाचे तर दिवसातील दोन-अडीच तास रस्त्यावर जातील. ते कोणाच्या झोपेतून आणि कोणाच्या विसाव्यातून वजा व्हावयाचे, हे त्या कोष्टकात लिहिलेले नाही.

सासूबाईंचा विचार थोडा निराळा करावा लागतो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचे गाव त्याच्या पायांएवढे असते. पेठेत त्या सकाळी देवळात जातात. वाटेत दूधवाला, वाणी, औषधांचा दुकानदार, ओट्यावरच्या दोघी मैत्रिणी, सर्वजण त्यांना नावाने ओळखतात. एके दिवशी त्या दिसल्या नाहीत तर घरी चौकशी येते. असले जाळे विकत मिळत नाही आणि नव्या जागी विणावयास दहा वर्षे लागतात. पंधराव्या मजल्यावरच्या प्रशस्त सदनिकेत, खाली चौपदरी रस्ता आणि देऊळ त्याच्या पलीकडे, अशा स्थितीत सून-मुले कामावर गेली की आठ तास त्यांनी काय करावयाचे? बगीचा आहे, बाके आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु बाकावर बोलावयास माणूस लागते. म्हणून रस्ता न ओलांडता जाता येईल असे एखादे देऊळ, वाचनालय किंवा निदान भाजीचे दुकान आहे काय, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. रात्री दोन वाजता बोलावल्यास घरी येणारा वैद्य आता पेठेतही विरळा झाला. निदान रुग्णालय किती दूर आहे आणि त्या वाटेवर फाटक किंवा कोंडीचा चौक लागतो काय, एवढे तरी पाहून ठेवावे.

शेजाराविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या समाजातील पुष्कळ गृहस्थ जिन्याखालच्या पाट्यांवरील आडनावे वाचून सोसायटी पसंत करितात. ही रीत आम्हांस मुळीच पटत नाही. आडनावावरून माणूस मध्यरात्री दार उघडील की नाही हे कळत नसते. आणि श्रोत्रिय म्हणजे विद्येची चाड असलेला शेजारी, एवढाच अर्थ आज घेण्याजोगा आहे. सोसायटीच्या सभेची जुनी इतिवृत्ते पाहावयास मिळाली तर वाचावी. गच्चीच्या किल्लीवरून तीन वर्षे भांडण चालू असेल तर तेथे मंडळी कशी आहेत ते समजते.

कागदपत्रांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून दोनच शब्द. नव्या बांधकामाचा महारेराचा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः पाहावा, हाती दिलेल्या छापील कागदावर विसंबू नये. आणि भोगवटा पत्र झाल्यावाचून राहावयास जाऊ नये, मग मुहूर्त कितीही उत्तम असो.

आता आमचे मत. मधल्या भावांची सूचना सोयीची दिसते. परंतु तीत आई कोठे राहणार याचा उल्लेखच नाही. सणावारी एकत्र येणारे कुटुंब आजारपणात एकत्र येतेच असे नाही. धाकट्यांचा हेतू सर्वांत चांगला आहे, कारण एकाच मजल्यावर तीन घरे म्हणजे वाडाच झाला. परंतु त्या वाड्यास पाणी टँकरचे आणि वाट अडीच तासांची. एकत्र राहावयाचे आणि दिवसभर कोणी घरी नसावयाचे, यास एकत्र कुटुंब म्हणणे कठीण आहे. थोरल्यांच्या मतास आमचा कौल आहे, परंतु थोडा पालट करून. कोथरूड, कर्वेनगर किंवा सहकारनगर येथील जुन्या सोसायट्यांत एकाच गल्लीत, एकमेकांच्या हाकेच्या नाही तरी चपला घालून जाण्याच्या अंतरावर, तीन लहान घरे पाहावी. आईचे घर तळमजल्याचे किंवा उद्वाहनाचे असावे; स्वयंपाक एका घरी, निजणे आपापल्या घरी. सहकारनगरात अर्थातच ओढ्यापासून दूर. मात्र एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. या भागांतील चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती आता एकामागून एक पुनर्विकासास जात आहेत. सोसायटीने तसा ठराव केला असेल तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा सामान बांधावे लागेल, आणि ब्याऐंशीव्या वर्षी एकदा हलणे पुरे आहे.

वाड्याचा ताबा देण्यास अजून अवकाश आहे असे पत्रावरून दिसते. तेवढ्यात मनात असलेल्या भागात अकरा महिन्यांच्या करारावर एक लहान जागा भाड्याने घ्यावी आणि आईंसह एका भावाने तेथे राहून पाहावे. उन्हाळाही काढावा आणि पावसाळाही. भाड्याचे पैसे फुकट गेले असे वाटेल. परंतु चुकीच्या जागी घेतलेले घर विकताना जे जातात त्यांच्या मानाने ते काहीच नाहीत. मुलांच्या शाळा मात्र या काळात बदलू नयेत.

पत्रात तिघा भावांची मते सविस्तर आली आहेत. सासूबाईंचे मत काय, आणि स्वतः पत्र लिहिणाऱ्या भगिनींस कोठे राहावेसे वाटते, हे मात्र त्यात कोठेच नाही. ते त्यांनी पुढील पत्री अवश्य कळवावे.