मुळशीचे नाव आणि कोयत्याचे कौतुक

मुळशी तालुक्याची ओळख एकेकाळी आंबेमोहोर तांदळाची होती, गावोगावच्या तालमींची होती आणि इतिहास जाणणाऱ्यांना ती सेनापती बापटांच्या सत्याग्रहाची होती. २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ प्रदर्शित झाला आणि ही सारी ओळख दोन शब्दांत गुंडाळली गेली. आज विदर्भातल्या वा मराठवाड्यातल्या शाळकरी पोराला मुळशी कोणत्या जिल्ह्यात आहे हे कदाचित सांगता येणार नाही. मात्र ‘मुळशी पॅटर्न’ म्हणजे काय, ते तो हातवारे करून दाखवील.

दोष चित्रपटाचा म्हणावा, तर तो सर्वस्वी न्याय्य ठरणार नाही. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यातले. जमिनीला सोन्याचा भाव आला, सातबाऱ्यावरची नावे बदलली, पैसा आला तसा गेला आणि ज्या शिवारात बाप पाटील म्हणून वावरला त्याच शिवारात तो परका झाला. अशा बापाचा पोरगा गुन्हेगारीकडे कसा वळतो आणि कुठे जाऊन संपतो, ही त्या कथेची कळ. मोहन जोशी यांनी उभा केलेला बाप पाहताना चित्रपटगृहातला शेतकरी सुन्न होत होता. शेती विकू नका, पोरे गमावू नका, असा इशाराच त्यात होता.

परंतु मीमवाल्यांना बाप नको होता. त्यांनी ओम भूतकरची चाल घेतली, ‘अरारारारा खतरनाक’ या गाण्याचा ठेका घेतला, संवादांची फेक घेतली. पराभव, पश्चात्ताप आणि बापाचे डोळे कात्रीखाली टाकले. जो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला तर भीती वाटावी, त्याचे तीस सेकंदांचे तुकडे पाहून हुरूप वाटू लागला. इशाऱ्याचा फलक मोडून त्याच्याच फळ्यांची कमान उभारावी, तसा हा प्रकार. पुढे या तुकड्यांत अभिनेत्यांच्या जागी खरे ‘भाई’ येऊन बसले, गाणे तेच राहिले, आणि विनोद व जाहिरात यांच्यातली सीमा पुसली गेली.

या मीमांचे गट चालतात कसे? प्रत्येक गटाच्या माथ्यावर नियम लिहिलेले असतात. शिवीगाळ नको, जातीवाचक बोलणे नको, राजकारण नको. नियम सर्वांना मान्य असतात, जोवर ते दुसऱ्यावर चालतात. ॲडमिनने एखादी पोस्ट काढली की लगेच पहिला प्रश्न येतो, ‘विनोद आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?’ दुसरा येतो, ‘परवा त्याचे चालले, मग माझेच का नाही?’ आणि तिसरा, जो मोठ्याने विचारला जात नाही पण सर्वांना ऐकू येतो, तो असा की, ज्याची ही चित्रफीत आहे तो कोणाचा माणूस आहे, हे ठाऊक आहे ना? या तिसऱ्या प्रश्नाला ॲडमिनकडे उत्तर नसते. तो पोस्ट परत लावतो, किंवा ॲडमिनपद सोडतो, किंवा काहीच पाहिले नाही असे दाखवतो. बहुधा तिसरेच.

याची किंमत मीमच्या जगात चुकती होत नाही, ती कोथरूड-वारज्याच्या रस्त्यांवर होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या पुण्याच्या एका टोळीप्रमुखाची द्रुतगती मार्गावरून शेकडो मोटारींच्या ताफ्यानिशी मिरवणूक निघाली. काळ कोरोनाचा, सामान्य माणसाला लग्नाला पन्नास माणसे बोलावतानाही परवानगीचा घोर. त्या ताफ्याची दृश्ये पार्श्वसंगीतासह घराघरातल्या मोबाईलवर पोहोचली. ५ जानेवारी २०२४ रोजी मुळशीतूनच पुढे आलेल्या दुसऱ्या एका टोळीप्रमुखाचा कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदिवसा गोळ्या झाडून खून झाला. पोलिसांनी पकडलेला मुख्य आरोपी विशीतला, त्याच्याच अवतीभवती वावरणारा. (या दोघांची नावे येथे दिलेली नाहीत. ती सर्वांना ठाऊक आहेत, हेच खरे दुखणे.) पुढच्याच महिन्यात पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी शहरातल्या गुन्हेगारांना आयुक्तालयात ओळीने उभे केले आणि समाजमाध्यमांवर दहशतीचे प्रदर्शन करू नका, अशी तंबी दिली. रील त्यानंतरही थांबले नाहीत. थांबणार कसे? भाईने स्वतः काही टाकले नाही, तरी त्याच्या नावाने टाकणारे गावोगावी बसलेले आहेत. वाढदिवसाचा केक कोयत्याने कापणारा पोरगा कोणत्याही टोळीत नसतो. तो फक्त प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षकांतूनच टोळीची भरती होते.

मग हे आवरायचे कोणी? पहिले उत्तर येते, कंपन्यांनी. उत्तर सोयीचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाख. परंतु या भाषेतला ‘भाई’ भाऊ कधी आणि गुंड कधी, हे कॅलिफोर्नियात बसून कळत नाही आणि यंत्रालाही उमगत नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी २०२१ मध्ये जी अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली, त्यांत हिंदी आणि बंगालीतला आक्षेपार्ह मजकूर ओळखणारी यंत्रणाही अपुरी असल्याची कबुली होती. जेथे हिंदीची ही अवस्था, तेथे मावळातल्या मराठीची काय कथा! केंद्र शासनाने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नियम अधिसूचित केले, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. नियम आवश्यकच होते. पण रीलचे आयुष्य किती? निकाल लागेपर्यंत ते लाखोंच्या नजरेखालून जाऊन विसरले गेलेले असते आणि त्याच्या जागी दुसरे आलेले असते.

दुसरे उत्तर येते, पोलिसांनी. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे, कारण महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ मध्ये ‘आक्षेपार्ह’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई ठप्प झाली, तेव्हा त्यावर फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ती पोस्ट पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. देशभर संताप उसळला, तो योग्यच होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, तेही योग्यच झाले. मग मे २०२२ आला. शरद पवारांविषयीची दुसऱ्याने लिहिलेली कविता फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. एकामागून एक गुन्हे नोंदवले गेले आणि सुमारे चाळीस दिवस त्या तुरुंगात राहिल्या. ती कविता अभिरुचीहीन होती, हे मान्य. पण २०१२ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेले विचारवंत त्या चाळीस दिवसांत कोठे होते? त्यांच्या शेल्फातले स्वातंत्र्य बहुधा माणूस पाहून काढले जाते.

हा टोला ज्यांना आवडला, त्यांनी तोच आरसा स्वतःसमोरही धरावा. २०१२ ची अटक चूक म्हणताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांना २०२२ विषयी बोलण्याचा अधिकार नाही. आणि मोघम कायदा ज्या दारोग्याच्या हाती असेल, तो उद्या कोणाच्या आदेशावर चालेल, याची हमी कोणतेही शासन देऊ शकत नाही. खंडणी, धमकी, शस्त्राचे प्रदर्शन यांसाठी कायदे आहेत, ते कठोरपणे वापरावेत. परंतु विनोदाची चव तपासण्याचे काम ठाण्यावर सोपवू नये.

उरतो तो ॲडमिन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गोंदिया जिल्ह्यातले एक प्रकरण आले होते. गटातल्या एका सदस्याने महिलेविषयी अश्लाघ्य मजकूर लिहिला, ॲडमिनने ना त्याला काढले ना क्षमा मागायला लावले, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. १ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने ॲडमिनला मुक्त केले. सदस्य घेणे आणि काढणे याखेरीज त्याच्या हाती काही नाही, मजकूर येण्यापूर्वी तो रोखू शकत नाही, तेव्हा समान हेतू असल्याचे दिसल्याविना दुसऱ्याच्या लिखाणासाठी त्याला शिक्षा कशी करणार, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने निकाल निर्दोष आहे. कार्यकर्त्यांनी मात्र त्यातून भलताच दिलासा घेतला. ‘आपल्यावर काही येत नाही ना, मग राहू दे.’ त्यानंतरच्या वर्षी, २०२२ मध्ये, व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचीही पोस्ट सर्वांच्या मोबाईलवरून पुसण्याची सोय दिली. म्हणजे हाती काही नाही, ही सबबही संपली. आता पोस्ट राहते, ती ॲडमिनने राहू दिली म्हणून.

जबाबदारी म्हणजे काय, ते पुण्याने १८८२ मध्ये पाहिले आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या नावावरची पत्रे टिळक-आगरकरांनी आपल्या पत्रांतून प्रसिद्ध केली. ती बनावट निघाली. पत्रे दुसऱ्याने आणून दिली होती, लिहिली दुसऱ्याने होती. ‘आम्ही केवळ पुढे पाठवली’ असे सांगून त्या दोघांनी अंग काढून घेतले नाही. त्यांनी क्षमा मागितली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आजच्या भाषेत तो ‘फॉरवर्ड’च होता! संपादक आणि ॲडमिन यांत फरक आहे, असे कोणी म्हणेल. असेल. पण पाचशे माणसांच्या गटावर ज्याचे नाव सर्वांत वर झळकते आणि ज्याला गावात त्यामुळे मान मिळतो, त्याने मान घ्यावा आणि उत्तर देऊ नये, हे कोणत्या न्यायाने?

आता घरातली गोष्ट. कोयतेबहाद्दरांच्या रीलमागे अलीकडे भगवा ध्वज फडकताना दिसतो, छत्रपतींची प्रतिमा दिसते, जयंतीच्या शुभेच्छाफलकांवर महाराजांच्या शेजारी हेच चेहरे झळकतात. ॲडमिन ते काढू लागला की त्याला सुनावले जाते, ‘तुला महाराज चालत नाहीत का?’ आणि तो गप्प बसतो. येथे कार्यकर्त्याने गप्प बसता कामा नये. खंडणी गोळा करणाऱ्याने कपाळी टिळा लावला म्हणून खंडणी धर्मकार्य होत नाही. हिंदू दुकानदाराच्या गल्ल्यावर हात टाकणारा हिंदूंचा रक्षक कसा? ‘शेवटी आपला माणूस आहे’ हे वाक्य तर सर्वांत लबाड. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. गवताच्या गंजीपाशी दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, येथपर्यंत बारीक सूचना त्यात आहेत. रयतेला उपद्रव दिलात तर लोक म्हणतील याहून मोगल बरे, असा इशारा आहे. ते पत्र शत्रूला लिहिलेले नाही. ते आपल्याच माणसांना लिहिलेले आहे.

मुळशीला तर हे सांगण्याची गरजही पडू नये. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच खोऱ्यातले शेतकरी धरणाच्या जागी जाऊन बसले. जमीन जाण्याचे दुःख २०१८ च्या चित्रपटाएवढेच खरे होते, किंबहुना अधिक, कारण गावेच्या गावे पाण्याखाली जाणार होती. संताप होता, बळ होते, तालमीत कमावलेली शरीरे होती. तरी हात उचलायचा नाही, हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. ते पाळावे की नाही, यावर वादही झाले. पुढे खुद्द सेनापतींनीच १९२४ च्या डिसेंबरात रेल्वेगाडी अडवून शस्त्र चालवले. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर आजही मतभेद होतील. परंतु त्यांनी तो विनोद होता असे म्हटले नाही. सात वर्षांची शिक्षा भोगली. जमीन गेलेल्या बापाच्या पोराने काय करावे, याचे एक उत्तर मुळशीने शंभर वर्षांपूर्वी दिले होते. त्याचे मीम कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

गणेशोत्सवाआधी मंडळांच्या बैठका होतात. वर्गणी, मांडव, ढोल-ताशा आणि मिरवणुकीचा मार्ग यांवर रात्री बारापर्यंत खल चालतो. पौड-पिरंगुटपासून भूगावपर्यंतच्या मंडळांनी यंदा आणखी एक विषय घ्यावा. मंडळाच्या नावाने जो गट चालतो, त्यात शस्त्राची, तुरुंगवासाची आणि कोणत्याही टोळीची चित्रफीत राहणार नाही. ती पुसल्याचे ॲडमिन गटातच कळवील आणि दुसऱ्यांदा टाकणारा बाहेर जाईल, मग तो अध्यक्षांचा भाचा का असेना. वर्गणीचा हिशेब लागतो त्याच फळ्यावर हा नियम लावावा, आणि पहिल्या महिन्यात कोणाला काढले, ते नावही त्याखाली लिहावे.