मुकादम दारात, सेवायोजन कार्यालय जिल्ह्यात

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते निम्न तेरणा प्रकल्पामुळे. तेरणेचे पाणी अडविणारे धरण या गावाच्या शिवारात उभे राहिले आणि परिसरातील अनेक कुटुंबांच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या. पुढे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे घेतली. या दोन घटनांनी इथल्या घरोघरी एकेक कागद ठेवला. पहिला प्रकल्पग्रस्ताचा दाखला, दुसरा भूकंपग्रस्ताचा. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हे कागद जपले जातात. देव्हाऱ्यातील टाकांइतकीच निगा त्यांची राखली जाते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

या कागदांत असते काय? शासकीय सरळसेवा भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के आणि भूकंपग्रस्तांसाठी दोन टक्के समांतर आरक्षण. वयोमर्यादा दोघांनाही पंचेचाळीस वर्षांपर्यंत शिथिल. दाखला कुटुंबातील एकाच्याच नावे होतो. तो थोरल्याच्या नावे करायचा की धाकट्याच्या, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो. शासनाने गेलेल्या जमिनीच्या बदल्यात रांगेतील जागा दिली. मात्र रांगेच्या टोकाला खिडकी उघडी आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर कधीच दिले नाही. पंचेचाळिशीपर्यंत वाट पाहण्याची मुभा ही सवलत आहे की शिक्षा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे उत्तर देण्यासाठीच तर सेवायोजन कार्यालय नावाची यंत्रणा निर्माण झाली होती! तिचा इतिहास आज फारसा कुणाला आठवत नाही. जुलै १९४५मध्ये, दुसरे महायुद्ध संपत आले असता, सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांना नागरी जीवनात कामाला लावण्यासाठी केंद्राने पुनर्वसन व सेवायोजन संचालनालय उघडले. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासित हिंदू-शीख बांधवांसाठी याच कार्यालयांची दारे खुली झाली. १९४८मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली, आणि १ नोव्हेंबर १९५६पासून दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. संकटात सापडलेल्या माणसाला राष्ट्राने हात देऊन उभे करायचे, हा त्यामागचा मूळ भाव होता. तो भाव कागदांच्या ढिगाऱ्याखाली कसा गाडला गेला, हे पाहण्यासारखे आहे.

१९५९ साली रिक्त पदे सक्तीने कळविण्याचा कायदा झाला. नावात सक्ती, पोटात मात्र पोकळी. पंचवीस वा अधिक माणसे कामाला असणाऱ्या आस्थापनांनी रिक्त पद कार्यालयास कळवावे, एवढेच बंधन; कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच घ्यावे, असे बंधन नाही, आणि तसे कायद्यातच स्पष्टपणे लिहून ठेवलेले. पद कळविले नाही तर दंड किती? पहिल्या खेपेस पाचशे रुपयांपर्यंत, पुढील प्रत्येक खेपेस हजारापर्यंत. १९५९मध्ये पाचशे रुपयांना काही वजन होते. पुढे ज्या काळात एखाद्या कारखान्याच्या पाहुण्यांच्या चहापाण्यावर याहून अधिक खर्च होऊ लागला, त्या काळातही दंडाचा आकडा तोच राहिला. आणखी एक गंमत अशी की, यंत्रचालकांचा अपवाद सोडला तर खासगी शेतीतील रोजगार या कायद्यातून वगळलेला. ज्या देशातील बहुसंख्य माणसे शेतीवर जगत होती, त्या देशाच्या रोजगार कायद्याने वेशीबाहेरच चपला काढून आत येण्याचे नाकारले!

तरीही एके काळी त्या कार्डाला किंमत होती. ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातले आहे’ हे वाक्य मराठवाड्यातील एका संपूर्ण पिढीने लग्नाच्या बोलणीत ऐकले आहे. शासकीय खात्यांत ‘कॉल’ त्या कार्यालयातून येत असे. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वेश्वर राव प्रकरणात केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन सर्वांना संधी द्यावी, असे सांगितले. निर्णय न्याय्यच होता. यादीत नाव नसलेल्या गुणवंताला डावलणे अन्यायाचे होते. परंतु ‘कॉल’चे महत्त्व ओसरल्यावर या कार्यालयांनी करायचे काय, याचा विचार झाला नाही. पाट्या मात्र बदलत गेल्या. रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र झाले, मग त्यात कौशल्य विकास आला, उद्योजकता आली. नोंदणी महास्वयम संकेतस्थळावर गेली. केंद्राने २० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली. १९५९चा कायदा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पंचवीसची अट वीसवर आली, सेवायोजन कार्यालयाचे ‘करिअर सेंटर’ झाले. पद कळवा, घ्या मात्र कुणालाही, हे मूळ सूत्र तसेच राहिले.

आणि माकणीत? माकणीत मुकादम येतो.

सरकारी यंत्रणा आणि मुकादम यांची तुलना कुणाला कडवट वाटेल, पण ती टाळता येत नाही. ऊसतोडीच्या हंगामाच्या कितीतरी आधी मुकादम गावात येतो. कुणाच्या घरी लग्न ठरले आहे, कुणाचा बैल गेला, कुणाचे पीक पावसाने झोडपले, हे त्याला तोंडपाठ असते. तो उचल देतो, कोयता ठरवतो, कोणत्या कारखान्यावर कधी जायचे ते सांगतो, वाहनाची सोय करतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना माणसे पुरविणारा ठेकेदारही गावातलाच एखादा आधी गेलेला मुलगा हाताशी धरतो आणि त्याच्यामार्फत दहा जणांना नेतो. दोघेही शोषण करतात. उचलीच्या फेडीत हंगामामागून हंगाम जातात, ठेकेदार पगारातून आपला हिस्सा कापून घेतो. पण दोघेही गावात येतात, नाव विचारतात, काम दाखवितात. सेवायोजनाची जी कामे पाठ्यपुस्तकात दिलेली असतात, ती सर्व मराठवाड्यात मुकादम करतो, आणि त्याची किंमत माणसाच्या पाठीवरून वसूल करतो. शासनाचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. माकणीहून एस.टी.ने धाराशिवला जाऊन यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

भारताने १९५९मध्येच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८८व्या कराराला मान्यता दिली आहे. देशाच्या प्रत्येक भूभागास पुरेल एवढ्या संख्येने आणि कामगार व मालक दोघांनाही सोयीच्या ठिकाणी विनामूल्य सेवा देणारी स्थानिक कार्यालये असावीत, असे तो करार सांगतो. ‘सोयीचे ठिकाण’ या शब्दांचा अर्थ लोहारा तालुक्यातील तरुणाला एकदा समजावून सांगावा.

इथे मध्यमवर्गीय घरांतून हमखास ऐकू येणारा एक आक्षेप तपासला पाहिजे. ‘खेड्यातल्या मुलांना काम नको, सरकारी नोकरी हवी,’ असे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत सहज म्हटले जाते. २०२३च्या तलाठी भरतीचे उदाहरण दिले जाते. साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागा आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. वेडच नव्हे काय हे? नव्हे. ज्या नोकरीची जाहिरात निघते, जिचा पगार आधी कळतो, अटी छापील असतात, अशी नोकरी ग्रामीण तरुणाला दिसते ती ही एकच. बाकीच्या नोकऱ्या कुणाच्या तरी ओळखीने, कुणाच्या तरी कमिशनने मिळतात. डोळ्यांना जे दिसते त्याच्याच मागे माणूस धावतो. या धावण्याचीही फी असते. त्या परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाकडून एक हजार आणि राखीव प्रवर्गाकडून नऊशे रुपये घेण्यात आले. सेवायोजन कार्यालयात नाव घालायला पैसे पडत नसत. बेरोजगाराने शासनाला पैसे द्यायचे, ही उलटी गंगा कधीपासून वाहू लागली?

स्वपक्षीय सरकारच्या योजनांवर बोट ठेवताना हात आखडता घेण्याची गरज नाही. आपल्या माणसांना ऐकविण्याचा अधिकार आपल्याच माणसांना असतो. २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी उत्तीर्णास सहा हजार, आय.टी.आय. वा पदविकाधारकास आठ हजार, पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन, मुदत सहा महिने. अनेकांनी शासकीय कार्यालयांत, शाळांत कामे केली. मुदत संपत आल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन ते आंदोलनास उतरले. २०२५मध्ये आणखी पाच महिने वाढवून मिळाले, एकूण अकरा. बाराव्या महिन्याचे काय?

महाराष्ट्राने हा प्रयोग पूर्वी केलेला आहे. सुशिक्षित बेरोजगार पदवीधरांना तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षे शासकीय कार्यालयांत अर्धवेळ राबवून घेण्यात आले. त्यांनाही आशा लागली, त्यांनीही मोर्चे काढले. अखेर अंशकालीन पदवीधर म्हणून त्यांना दहा टक्के समांतर आरक्षण आणि पंचावन्न वर्षांपर्यंत वयाची सवलत मिळाली. पंचावन्न! निवृत्तीला तीन वर्षे उरली असता नोकरी लागण्याची आशा शासनाने लेखी दिली. त्या चुकीपासून कुणी काही शिकले असते, तर २०२४च्या योजनेत पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागे एक कायम रोजगार शोधण्याची जबाबदारी कुठल्या तरी अधिकाऱ्याच्या नावे लिहिलेली असती.

याहून अधिक सलणारी गोष्ट रोजगार मेळाव्यांची. राज्यात हे मेळावे पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने भरतात. एप्रिल १९६५मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत पंडितजींनी एकात्म मानववादाची मांडणी केली आणि धडधाकट असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी हे अर्थव्यवस्थेचे उद्दिष्ट मानले. ज्यांनी शेवटच्या माणसाला पहिले स्थान दिले, त्यांच्या नावाच्या मेळाव्याची यशस्विता मोजली जाते किती उमेदवार उपस्थित राहिले, किती जणांची प्राथमिक निवड झाली यावर! प्राथमिक निवड म्हणजे नोकरी नव्हे. त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, सहा महिन्यांनी किती जण त्या कामावर टिकले आणि घरभाडे-खाणावळ जाऊन त्यांच्या हाती किती उरले, हे आकडे मेळाव्याच्या बातमीत कधी वाचायला मिळत नाहीत. मंडप भाड्याने घेता येतो. पंडितजींचे नाव असे भाड्याने घेऊ नये.

करण्यासारखे फार अवघड नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी जिल्हा केंद्राचा एक कर्मचारी तालुक्यात बसला पाहिजे. भूकंपग्रस्त व प्रकल्पग्रस्त दाखलाधारकांची गाववार यादी त्याच्यापाशी असावी, आणि कोणत्या भरतीत त्यांच्या वाट्याच्या किती जागा आहेत हे त्याने त्यांना स्वतःहून कळवावे. लातूर, उमरगा, सोलापूर, पुणे येथील उद्योगांत कोणत्या कामाला किती माणसे हवीत, पगार किती, राहण्याची सोय काय, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे. गावाबाहेर जाणाऱ्या मुलासोबत ठेकेदाराने काय लेखी दिले, हे पाहणारा कुणी असावा. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूरला प्रथम राबविली. तिथूनच महाराष्ट्राने देशाला काम मागण्याचा हक्क दिला. एका गावापासून सुरुवात करण्याची या राज्याला लाज वाटण्याचे कारण नाही.

ज्या कार्यकर्त्यांचे गावोगावी जाणे-येणे आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढीच माहिती मागावी: गेल्या वर्षी या गावातील किती तरुणांची नोंदणी झाली आणि त्यांपैकी किती जणांना या केंद्रामार्फत काम लागले. उत्तर लेखी घ्यावे. ते हंगामापूर्वी घ्यावे, कारण उचल वाटून झाल्यावर ग्रामसभेला बसायला तरुण गावात उरलेले नसतात.