बंब उशिरा येतो, असं म्हणण्याआधी

उपनगरात कुठे मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशी ठरलेली चर्चा सुरू होते. बंब उशिरा आला. आला तेव्हा पाणी पुरलं नाही. शिडी वरपर्यंत पोहोचलीच नाही. अग्निशमनाच्या एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखले, पैसे चारून मिळतात, मग दुसरं काय होणार? अंधेरीच्या लोकलमध्ये, घाटकोपरच्या चाळीत, मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांच्या सभेत हीच वाक्यं फिरत राहतात. त्यामागे खरी भीती आहे, काहींच्या बाबतीत खरा अनुभवही आहे, म्हणून ती झटकून टाकता येणार नाहीत. तरीही यातला बराचसा राग चुकीच्या दारावर जाऊन आदळतो असं माझं ठाम मत आहे. अग्निशमन केंद्राच्या वाट्याचा दोष त्याच्या पदरात जरूर घालावा. पण आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत आणि आपल्या सहीने जे घडतं, त्याचा हिशोब केंद्राच्या दारात नेऊन ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच जिवावर उठणारा आहे.

सुरुवात उशिरापासून करू. 101 वर फोन लागला की नियंत्रण कक्ष जवळच्या केंद्राला वर्दी देतो. केंद्रात घंटा वाजते आणि जवान हातातलं काम टाकून गाडीकडे धावतात. इथवरचा वेळ दलाच्या ताब्यात असतो. पुढचा वेळ कोणाच्या ताब्यात असतो? मुलुंडच्या कोणत्याही जुन्या गल्लीत रात्री दहानंतर जाऊन बघा. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि मधून रिक्षा जेमतेम निघते. हजारो लिटर पाणी पोटात घेऊन आलेला बंब तिथून कसा जाणार? गाड्यांचे मालक वरच्या मजल्यांवर झोपलेले असतात. पोलिसांनी गाडी उचलली तर नगरसेवकाला फोन करणारेही तेच, आणि बंब अडला तर गॅलरीतून ओरडणारेही तेच.

रस्त्याच्या दोषातला सरकारी वाटा मी लपवणार नाही. उपनगराला रेल्वेमार्गाने उभं चिरलं आहे आणि पूर्व-पश्चिम जोडणारे पूल मोजकेच आहेत. अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 रोजी वाहतुकीसाठी बंद झाला. त्याची एक बाजू उघडायला फेब्रुवारी 2024 उजाडलं, तेव्हा कळलं की तिची उंची शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळतच नाही. तेवढ्या काळात अंधेरीत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येक बंबाला आणि रुग्णवाहिकेला वळसा पडला. याचा जाब महापालिकेला आणि रेल्वेला विचारायचा. गाडी चालवणाऱ्या यंत्रचालकाला विचारून काय उपयोग?

आता गेटच्या आत येऊ, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. मुलुंडच्या एका सोसायटीत अग्निशमनाचं प्रात्यक्षिक ठरलं होतं. सतरंजी अंथरली, खुर्च्या मांडल्या, चहा आला. केंद्रातून आलेल्या जवानांपैकी वयाने मोठ्या असलेल्या एकाने चौथ्या मजल्यावरच्या लॅंडिंगवरची लाल पेटी उघडली. आत होज होती, पण घड्यांवर तडकलेली. पितळी नोझल गायब होतं. पेटीच्या तळाशी कोणाच्या तरी मुलाचे स्केट्स आणि रद्दीचा गठ्ठा ठेवलेला होता. त्याने खाली येऊन पंपाची खोली उघडायला सांगितली, तर किल्ली गावी गेलेल्या वॉचमनकडे. ती शेवटी सेक्रेटरींच्या घरातल्या डुप्लिकेट जुडग्यात सापडली. पंप सुरू केल्यावर थोडा वेळ घरघरला आणि बंद पडला. जवानाने शांतपणे एवढंच विचारलं, "यातून शेवटचं पाणी कधी काढलं होतं?" कोणालाच उत्तर देता आलं नाही. त्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मात्र व्यवस्थित लावलेलं होतं.

या प्रमाणपत्राविषयी नीट समजून घ्यायला हवं, कारण 'एनओसी विकत मिळते' या आक्षेपाचा पाया तिथेच ढासळतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा बसवण्याची आणि ती कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. म्हणजे सोसायटीवर, दुकानदारावर, रुग्णालय चालवणाऱ्यावर. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून हे प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', सादर करायचं असतं. एजन्सी निवडते कोण? सोसायटी. तिचे पैसे कोण देतं? सोसायटी. पंप न चालवता, वर न चढता, गेटवरूनच सही करून जाणारा स्वस्तातला माणूस पसंत कोण करतं? त्यावर "खर्च वाचला" म्हणून सर्वसाधारण सभेत समाधान मानणारे सभासद कोण? कोणी अधिकारी लाच घेत असेल तर त्याला तुरुंगात टाका, त्याबद्दल दुमत नाही. पण खोट्या फॉर्म बीचा जन्म केंद्राच्या टेबलावर होत नाही. तो आपल्या सोसायटीच्या ऑफिसात होतो.

हे नुसतं कागदापुरतं राहत नाही. 6 नोव्हेंबर 2021 रोजी, ऐन भाऊबीजेला, कांदिवलीच्या हंसा हेरिटेज इमारतीत चौदाव्या मजल्यावर आग लागली आणि दोन स्त्रियांचा जीव गेला. इमारतीतली यंत्रणा चालू नव्हती, असं दलाने तेव्हाच सांगितलं होतं. चौदाव्या मजल्यावर पाणी चढवायचं तर ते इमारतीच्याच नळातून, इमारतीच्याच टाकीतून जावं लागतं. ती यंत्रणा मेलेली असली तर जवानांना होज खांद्यावर घेऊन जिना चढावा लागतो, तोही धुराने भरलेला, अंगावर श्वसनसंचाचं ओझं वागवत. त्यात जाणारी मिनिटं खालच्या गर्दीला 'उशीर' म्हणून दिसतात.

मग शिडीचा मुद्दा निघतो. "परदेशात बघा, केवढ्या शिड्या!" मुंबईच्या दलाकडे 90 मीटरची शिडी आहे. साधारण तीस मजल्यांपर्यंत ती जाऊ शकते. मात्र ती उभी करायची तर गाडीला वळायला जागा लागते, चारही जॅक पसरायला जागा लागते, आणि तेवढा भार पेलणारी जमीन लागते. आपल्याकडे मोकळ्या जागेत भूमिगत टाकी, तिच्यावर पेव्हर ब्लॉक, त्यावर उभ्या गाड्या, कडेला मंदिर, वर पत्र्याची शेड, आणि गेटवर इतकी बुटकी कमान की टेम्पोसुद्धा वाकून जावा. अशा इमारतीसाठी 90 काय, 900 मीटरची शिडी घेतली तरी ती रस्त्यावरच उभी राहणार. शिवाय शिडी हा शेवटचा आधार आहे. उंच इमारतीत माणूस वाचतो तो मोकळ्या जिन्यामुळे, बंद होणाऱ्या अग्निरोधक दारांमुळे, चालू स्प्रिंकलरमुळे आणि कुलूप न लावलेल्या रेफ्यूज एरियामुळे, म्हणजे आगीत आसरा घ्यायला राखून ठेवलेल्या जागेमुळे. त्या रेफ्यूज एरियात किती सोसायट्यांनी जिम थाटली आहे, ऑफिस काढलं आहे, जुनं फर्निचर कोंबलं आहे, हे आपापल्या इमारतीत चढून पाहिलं तर कळेल.

सर्वात जास्त खुपणारं वाक्य मात्र वेगळंच आहे: "त्याचाच तर पगार घेतात." पगाराची भाषा करणाऱ्यांनी 18 जुलै 2014 आठवावा. अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये बाविसाव्या मजल्यापर्यंत धूर पोहोचला होता. आग विझवायला गेलेले जवान गच्चीवर अडकले, आणि नितीन इवलेकर परत आले नाहीत. पुढच्याच वर्षी, 9 मे 2015 रोजी, काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आगीने पोखरलेली इमारत कोसळली. दलाचे अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत काही दिवस झुंजले, आणि त्याच महिन्यात दोघांनीही प्राण सोडले. दलाचा प्रमुख ऑफिसात बसून सूचना देत नव्हता, तो आगीच्या तोंडाशी उभा होता. 14 एप्रिल 1944 च्या गोदी स्फोटात 66 जवान गेले होते, त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या परंपरेतल्या माणसांविषयी बोलताना जीभ जरा जपून वापरावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि ही माणसं फक्त आगीलाच येत नाहीत. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत कोसळली आणि 17 जण दगावले, तेव्हा ढिगाऱ्यात हाताने विटा उपसणारे अग्निशमन दलाचे जवान होते. 13 मे 2024 रोजी छेडानगरला 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं. तिथेही 17 जण गेले. खाली इंधन साठलेलं असल्याने लोखंड कापायला गॅस कटर बेधडक वापरता येईना, ठिणगी पडली तर उरलेलेही गेले असते. एनडीआरएफच्या जोडीने हे काम दोन दिवसांहून जास्त चाललं. इतकं अवाढव्य होर्डिंग उभं राहू कोणी दिलं, हा प्रश्न अर्थातच केंद्रातल्या जवानांना लागू होत नाही. संक्रांतीला घाटकोपरच्या झाडांवर मांजात अडकलेल्या घारी सोडवणारे, लिफ्टमध्ये अडकलेल्या आजींना बाहेर काढणारे आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर माती टाकणारेही हेच.

सगळा दोष रहिवाशांच्या माथी मारायचा माझा बेत नाही. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या आझाद नगरात जय भवानी या पुनर्वसनाच्या इमारतीला आग लागली. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये कपड्यांचे गठ्ठे आणि वाहनं पेटली, धूर जिन्यातून वर चढला, आणि किमान सात माणसं गेली. पाच मजल्यांची ती इमारत ज्यांना मिळाली, त्यांच्याकडे देखभालीला पैसे कुठून येणार? झोपडीतून इमारतीत आणून सोडलेल्या माणसाला सुटकेचा जिना, पंप आणि चालू वायरिंग देण्याची जबाबदारी योजना राबवणाऱ्यांची आहे, आणि ती त्यांनी पार पाडली नाही. मुलुंडशेजारच्या भांडुपला मार्च 2021 मध्ये ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयातले कोविडचे रुग्ण गुदमरून मेले, आणि मॉलच्या पोटात रुग्णालय चालू द्यायचा निर्णय कोणा रहिवाशाने घेतला नव्हता. मरोळच्या कामगार रुग्णालयात डिसेंबर 2018 मध्ये किमान आठ जीव गेले, तेही सरकारी रुग्णालयात. कायद्याने दलाला यंत्रणा नसलेल्या इमारतीचं वीज-पाणी तोडण्याचाही अधिकार दिला आहे. तो अधिकार नोटिसांच्या फायलीत कुजत राहतो, ही माझी दलाविरुद्धची खरी तक्रार आहे. नोटीस देऊन थांबणारा अधिकारी पुढच्या आगीत सहभागी असतो. माणसांची कमतरता हाही दोष शासनाचाच. 2023 मध्ये एकदम 910 जागांसाठी भरती काढावी लागली, यावरून आधीची वर्षं कशी गेली असतील ते समजतं.

मरोळची आग मला आणखी एका कारणासाठी आठवते. खाद्यपदार्थ पोहोचवायला निघालेला एक तरुण तिथे थांबला, जवानांबरोबर शिडीवर चढला आणि लोकांना उतरवत राहिला. केंद्र आणि वस्ती यांचं नातं कसं असायला हवं ते त्या दुपारी दिसलं. ते नातं आगीच्या दिवशी अचानक तयार होत नाही. ज्या भागातल्या सोसायट्या केंद्रातल्या अधिकाऱ्यांना नावाने ओळखतात, दरवर्षी प्रात्यक्षिक ठेवतात आणि कुठली गल्ली बंद आहे हे आधी कळवतात, तिथे जवानाला पोहोचल्यावर पंप कुठे हे विचारावं लागत नाही. कमला मिलच्या आगीनंतर केंद्रांमध्ये अग्निसुरक्षा पालन कक्ष सुरू झाले. तिथे जाऊन आपल्या इमारतीविषयी विचारायला कोणाच्या ओळखीची गरज नाही. केंद्राला दोष देणाऱ्यांपैकी तिथे कधी पाऊल टाकलेले लोक मला फार थोडे भेटले.

तुमच्या सोसायटीची पुढची सभा कधी आहे ते आजच विचारा. सभेत सेक्रेटरींकडून जानेवारीचा आणि जुलैचा फॉर्म बी मागून घ्या. सही कोणाची आहे ते वाचा, आणि त्याच माणसाला सगळ्यांसमोर पंप चालवून गच्चीवर पाणी काढून दाखवायला सांगा. पाणी आलं नाही तर तो फॉर्म परत करा आणि तसं केंद्राला लेखी कळवा. तुमची गाडी गेटसमोर उभी असेल तर ती आज रात्रीच हलवा.