मधे पडणारे कोणी हवे

"बापाने पोराला मारले तर बिघडले काय?" आमच्या वस्तीत हा प्रश्न नव्हेच, हे उत्तर आहे. कॉलेजात येईपर्यंत मीही तेच देत होतो.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. तिथे कोणी चारचौघांत शिवी हासडली की ती संध्याकाळी घरी येई. आधी आईवर, आईकडून माझ्यावर. आणि माझ्याकडून, हे लिहिताना लाज वाटते, धाकट्या बहिणीवर. तरी घरात मारणारा एकच आहे, असे आम्ही सारे धरून चाललो होतो!

अशा घरात प्रत्येकाला काम नेमून दिलेले असते. सायकल भिंतीला टेकवली की आपटली, हे ऐकण्याचे काम माझे. वळ दिसले तर "नळावर घसरून पडला" असे गुरुजींना सांगण्याचे काम आईचे. "बाप आहे, मारणारच" हे म्हणण्याचे आजीचे. शेजाऱ्यांचे काम टीव्हीचा आवाज वाढवण्याचे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 सालचा अहवाल आहे. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारले, तेव्हा तिघांत दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. दारिद्र्याला दोष देऊन मोकळे होणाऱ्या विद्वानांनी सांगावे, एवढी सारी घरे काय हमालांचीच होती?

वडिलांच्याच टोळीत एक काका आहेत. तीच पोती, त्याच शिव्या. पण पोरांवर त्यांचा हात उठला की त्यांची थोरली बहीण मधे उभी राहते. मला तरी दोन घरांत फरक दिसतो तो एवढाच.

शाळेतली छडी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली. घरातल्या मुलांसाठी 1098 हा फुकट दूरध्वनी आहे, रात्रंदिवस चालतो. पण आमच्या घरी फोन एकच होता, आणि तो वडिलांच्या खिशात. तो मागायचा कोणाकडे?

माझी फी वडिलांनीच पाठीवर वाहिली आहे, म्हणून हे लिहिणे जड जाते. पण न लिहिले तर आजीचेच काम मी पुढे चालवले असे होईल.

बहिणीवर हात टाकणे मी सोडले त्याला दीड वर्ष झाले. परवा फळीवरचा डबा काढायला हात वर केला, तर तिने डोके झाकून घेतले.